बेहिशेबी पाण्याचा हिशेब

मंडईत भाजी घेणाऱ्या माणसाची नजर भाजीवर जितकी असते, तितकीच काट्यावरही असते. पारडे स्थिर होण्यापूर्वीच माल पिशवीत ओतण्याची घाई गाळेवाल्याने केली, तर गिऱ्हाईक ‘जरा थांबा’ म्हणते आणि त्यात कोणालाही अपमान वाटत नाही. आता पुष्कळ गाळ्यांवर विजेचे काटे आले आहेत आणि लोखंडी वजनांची जागा लाल आकड्यांनी घेतली आहे. तथापि त्या काट्यालाही सरकारी पडताळणीचा शिक्का ठरावीक मुदतीने घ्यावा लागतो. तो नसला किंवा माप खोटे निघाले, तर २००९ च्या वैध मापनशास्त्र अधिनियमाखाली गाळेवाल्यावर कारवाई होऊ शकते. पाव किलो मिरचीच्या व्यवहाराला राज्यसंस्थेने एवढे संरक्षण दिले आहे आणि ते योग्यच आहे.

याच मंडईभोवतीच्या रस्त्यांखालून महापालिकेच्या जलवाहिन्या गेलेल्या आहेत. त्यांतून रोज किती पाणी या पेठांत शिरते, त्यातले किती नळापर्यंत पोचते आणि किती वाटेतच जमिनीत मुरते, हे कोणत्याही शिक्क्याच्या काट्यावर आजवर तोलले गेलेले नाही. असे असूनही शहराच्या गळतीचा एक आकडा मात्र सर्वतोमुखी आहे. पुण्यातील पाण्याची गळती ‘३५ ते ४० टक्के’ आहे, असे महापालिकेच्या कागदपत्रांत आणि अधिकाऱ्यांच्या निवेदनांत गेली कित्येक वर्षे सांगितले जाते. हा आकडा इतक्या वेळा छापून आला आहे की, त्याविषयी शंका काढणे म्हणजे पर्वतीच्या पायऱ्यांच्या संख्येविषयी वाद घालण्यासारखे वाटू लागले आहे. पर्वतीच्या पायऱ्या निदान ज्याला हव्या त्याला चढून मोजता तरी येतात.

या आकड्याचे वजन किती, ते आधी पाहू. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांचा उपयुक्त साठा मिळून २९.१५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, आहे. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर्स. पुणे शहराचा वार्षिक वापर अलीकडच्या काळात २० टीएमसीच्या पुढे गेला आहे. हिशेबाच्या सोयीसाठी तो २० धरला, तर रोज सुमारे १५५ कोटी लिटर्स पाणी शहरासाठी उचलले जाते. त्याचे ३५ टक्के म्हणजे ५४ कोटी आणि ४० टक्के म्हणजे ६२ कोटी लिटर्स. शहरी पाणीपुरवठ्यासाठी दरडोई दररोज १३५ लिटर्स हे जे प्रमाण सामान्यतः धरले जाते, त्या मानाने ५४ कोटी लिटर्स पाणी ४० लाख माणसांना पुरावे. आता ‘३५ ते ४०’ या शब्दप्रयोगातील ‘ते’ या अक्षराकडे पाहावे. या दोन आकड्यांमधील अंतर वर्षाला एक टीएमसी आहे आणि तेवढ्यात पावणेसहा लाख लोकांची तहान भागते. एखाद्या शाळेतील शिक्षकाने ‘वर्गात ३५ ते ४० मुले हजर होती’ असे हजेरीपटावर लिहिले, तर तपासणीस ते चालवून घेईल काय?

गळती हा शब्दच मुळात घोटाळ्याचा आहे. कांद्याच्या वखारीत घट येते, ती कशी येते हे व्यापाऱ्याला विचारावे. काही माल वाळून हलका होतो, काही सडतो, काही हमालाच्या किंवा शेजाऱ्याच्या पोत्यात जातो, काही घरच्या लग्नकार्याला फुकट दिलेला असतो आणि काही वेळा माल जागेवरच असतो, फक्त तोलणाराचा काटा बिघडलेला असतो. शहाणा व्यापारी ही सारी घट एका ओळीत लिहीत नाही, कारण सडण्यावरचा उपाय वेगळा आणि चोरीवरचा वेगळा. पाण्याचेही तसेच आहे. जलवाहिनीच्या सांध्यातून, टाकीच्या भेगेतून, घराच्या जोडणीच्या गंजलेल्या नळीतून जमिनीत जाणारे पाणी ही खरी गळती. चोरून घेतलेल्या जोडणीचे पाणी, मंद चालणाऱ्या मीटरने न नोंदविलेले पाणी, बिल करणाऱ्या कारकुनाच्या चुकीने सुटलेले पाणी ही कागदावरची तूट, कारण हे पाणी कोणी ना कोणी वापरलेले असते. अग्निशामक दलाचे बंब, सार्वजनिक नळकोंडाळी, टाक्या धुणे, उद्यानांना दिलेले पाणी यांचे पैसे आकारले जात नाहीत, पण ते वाया गेले असेही म्हणता येत नाही. आंतरराष्ट्रीय जल संघटनेने २००० साली या सर्व प्रकारांचा एक ताळेबंद ठरवून दिला आणि जगातील बहुतेक पाणीपुरवठा संस्था आज तोच वापरतात. त्यामागील विचार कोणत्याही जमाखर्च लिहिणाऱ्याला परिचित आहे. एका बाजूला आत आलेले सर्व पाणी मांडावयाचे, दुसऱ्या बाजूला ते कोठे कोठे गेले ते खातेवार मांडावयाचे आणि दोन्ही बाजू जुळेपर्यंत शोध थांबवावयाचा नाही.

आपल्याकडे हा शोध सुरू होण्यापूर्वीच संपतो. कीर्द जुळेनाशी झाली की आळशी कारकून फरकाची रक्कम उचंत खात्यात टाकून घरी जातो. पुण्याच्या पाण्याचे ‘गळती’ हे असेच उचंत खाते आहे. वापरलेले पाणी मोजलेले असेल, तर आलेल्या पाण्यातून ते वजा करून उरते ती तूट असे म्हणता येईल. परंतु पुण्यात घरगुती पाणीपट्टी पिढ्यान्‌पिढ्या मिळकतीच्या वार्षिक करपात्र मूल्यावर आकारली गेली. व्यापारी जोडण्यांना मीटर होते, घरांना नव्हते. म्हणजे घरगुती वापर हा मोजलेला नसून मानलेला. तो मानावयाचा तर माणसे किती हे तरी ठाऊक हवे. २०११ च्या जनगणनेत महापालिकेची लोकसंख्या ३१ लाख २४ हजार होती. त्यानंतर २०१७ साली ११ गावे आणि २०२१ साली आणखी २३ गावे हद्दीत आली (त्यांतील दोन पुढे वेगळी काढली गेली), आणि दरम्यान जनगणनाच झाली नाही. लोकसंख्या ५० लाख मानली, तर उचललेले पाणी माणशी रोज ३१० लिटर्स पडते आणि ७० लाख मानली तर २२० लिटर्स. दोन्ही आकडे १३५ च्या खूपच वर आहेत आणि तरीही उपनगरांत टँकरच्या रांगा लागतात. मग मधले पाणी कोठे गेले, या प्रश्नाला काहीतरी उत्तर द्यावे लागते. ते उत्तर म्हणजे ३५ ते ४० टक्के. दोन अज्ञात संख्यांच्या वजाबाकीतून निघालेल्या संख्येला अनुमान म्हणावे, मोजमाप म्हणू नये.

मोजणे अशक्य आहे काय? तसे मुळीच नाही, पण ते सध्याच्या पद्धतीत जवळजवळ अशक्य आहे, आणि याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ज्या शहरांत नळाला चोवीस तास पाणी असते, तेथे अभियंते रात्री दोन ते चारच्या दरम्यान प्रत्येक विभागाच्या तोंडाशी बसविलेले मीटर वाचतात. त्या वेळी माणसे झोपलेली असतात, नळ बंद असतात. तरीही मीटरमधून जे पाणी वाहत राहते, ते बहुतांशी गळतीचेच. रोज रात्री तो आकडा लिहून ठेवला की एखाद्या रात्री तो एकाएकी वाढलेला दिसतो आणि दुसऱ्या दिवशी शोधपथक त्याच विभागात जाते. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळेला येते. चावीवाला येऊन चावी फिरवितो, पाणी सुटते आणि तत्क्षणी प्रत्येक इमारतीची जमिनीखालची टाकी ते गिळू लागते. कित्येक ठिकाणी वाहिनीलाच मोटार लावून ते ओढले जाते. दोन-तीन तासांच्या या लुटालुटीत कोणते पाणी टाकीत गेले आणि कोणते मातीत, हे वेगळे काढता येत नाही. चावी बंद झाली की वाहिनीतला दाब जातो आणि गळतीही थांबते. म्हणजे रोग लपतो.

दाब गेल्यावर जे घडते ते पाणी वाया जाण्याहून भयंकर आहे. ज्या छिद्रातून पाणी बाहेर जात होते, त्याच छिद्रातून बाहेरचे सांडपाणी आत येऊ शकते. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत ‘जीबीएस’ या मज्जासंस्थेच्या विकाराचे रुग्ण एकाएकी वाढले आणि संशयाची सुई प्रथम पाण्याकडेच वळली. कोणत्या विहिरीचे, कोणत्या टाकीचे, कोणत्या वाहिनीचे पाणी, याची धावाधाव त्यानंतर सुरू झाली. कोणत्या वाहिनीला कोठे छिद्रे आहेत याची वही ज्या शहरात नाही, त्या शहराला अशी धावाधाव प्रत्येक वेळी पहिल्यापासूनच करावी लागणार.

लोकांना दिसते ती गळती वेगळीच असते. रस्त्यावर वाहिनी फुटून कारंजे उडाले की छायाचित्र छापून येते, नगरसेवक धावतात आणि आठ तासांत दुरुस्ती होते. तासाला ५० हजार लिटर्स पाणी गेले असे धरले, तरी त्या आठ तासांत चार लाख लिटर्स गेले. उलट एखाद्या बोळातील वाहिनीला जमिनीखाली बारीक छिद्र पडून तासाला अवघे हजार लिटर्स पाणी झिरपत असेल, तर त्याचे कारंजे होत नाही आणि त्याची तक्रारही येत नाही. ते ३०० दिवस तसेच चालू राहिले तर ७२ लाख लिटर्स होतात, म्हणजे त्या कारंज्याच्या अठरापट. (ही वाहिनी चोवीस तास भरलेली असेल तरच. आपली वाहिनी दिवसाचे वीस तास कोरडी असते, ही आपली एकमेव बचत म्हणावयाची!) शहराचे पाणी कारंज्यांनी फार जात नाही, ते झिरपून जाते आणि झिरपणे केवळ मोजमापानेच दिसते.

टक्केवारीचा आणखी एक दोष आहे, तो फारसा बोलला जात नाही. समजा, दोन विभागांत वाहिन्यांची लांबी, जोडण्या आणि गळती अगदी सारखी आहे. दोन्हीकडे रोज दहा लाख लिटर्स गळतात. पहिल्या विभागात बंगले, बागा आणि हॉटेले असल्यामुळे ५० लाख लिटर्स पाणी सोडले जाते, दुसऱ्यात २० लाखच. पहिल्याची गळती २० टक्के ठरते, दुसऱ्याची ५० टक्के. जो जास्त पाणी उधळतो तो कागदावर सज्जन ठरतो. धरणातून आणखी पाणी उचलले की गळती तसूभरही कमी न होता तिची टक्केवारी उतरते. म्हणूनच जाणकार आता दर जोडणीमागे रोज किती लिटर्स गळतात, हे वाहिनीतील दाबासह सांगावे असा आग्रह धरतात. १३५ लिटर्सचे मान आणि गळतीची १५ टक्क्यांची मर्यादा केंद्र सरकारच्या पाणीपुरवठाविषयक संहितेत १९९९ सालीच नमूद झाली होती. २००८ साली केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने सेवांचे मानदंड ठरविताना महसूल न देणाऱ्या पाण्याची मर्यादा २० टक्के धरली. त्या वेळी मंत्रालयाने दुसरी एक फार शहाणपणाची गोष्ट केली होती. प्रत्येक आकड्यापुढे तो किती विश्वासार्ह आहे याची श्रेणीही लिहावयाची होती. सर्वत्र मीटर लावून मोजलेला आकडा ‘अ’ श्रेणीचा, आणि नुसता अंदाज असेल तर ‘ड’ श्रेणीचा. परीक्षेच्या निकालपत्राची ही पद्धत. पुढे आकडे राहिले, राजपत्रांत आणि अहवालांत छापले गेले, भाषणांत आले. श्रेणी मात्र वाटेतच गळाली. तिला खरी गळती म्हणावी की कागदावरची, हे वाचकांनी ठरवावे.

या अनुमानाची किंमत कोणाला मोजावी लागते? खडकवाशाचा कालवा पुणे शहर ओलांडून हवेली, दौंड आणि इंदापूरकडे जातो. तेथील शेतकऱ्याचे उन्हाळी आवर्तन किती दिवसांचे, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते आणि त्या बैठकीत पहिला हात शहराचा असतो. महापालिकेचा पाटबंधारे खात्याशी झालेला करार ११.५ टीएमसीचा होता, म्हणजे रोज सुमारे ८९ कोटी लिटर्सचा. वापर त्याच्या दीडपटीहून अधिक झाला. महापालिका म्हणते, लोकसंख्या वाढली आणि गळती ४० टक्के आहे, तेव्हा कोटा वाढवा. जलसंपदा खाते म्हणते, आधी गळती कमी करा, मग बोला. राज्याच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणापुढे २००५ च्या कायद्यान्वये हे वाद गेले, दंडाच्या दराने आकारणी झाली, थकबाकीच्या रकमांवरून दोन सरकारी संस्थांत पत्रव्यवहाराचे डोंगर उभे राहिले. या युक्तिवादात गळतीचा आकडा विलक्षण काम करतो. तो जितका मोठा, तितका मागणीला आधार मोठा. एरवी जो आकडा कबूल करताना शरम वाटावी, तो येथे हक्काच्या दाव्याचा पुरावा म्हणून पुढे केला जातो. अशा आकड्याला मोजून लहान करण्याची घाई कोणाला असणार? शहराने वापरलेल्या पाण्यापैकी साडेसहा टीएमसी शुद्ध करून मुंढव्याच्या जॅकवेलमधून कालव्यात परत द्यावयाचे, असे ठरले होते. त्याचीही मोजणी दोन्ही पक्षांना मान्य होईल अशी कधी झाली नाही. खुद्द कालव्याचे काय, हे २७ सप्टेंबर २०१८ रोजी दांडेकर पुलाजवळ त्याची भिंत फुटून वस्त्या वाहून गेल्या तेव्हा दिसले. उंदीर, घुशी आणि खेकडे यांच्यावर त्या वेळी खापर फुटले. खेकड्यांना वृत्तपत्रांत पत्रे लिहिता येत नाहीत, म्हणून ते प्रकरण तेथेच राहिले.

धरणाच्या भिंतीची गोष्ट पाहा. टेमघरच्या भिंतीतून होणारी गळती २०१६ साली गाजली, गुन्हे दाखल झाले, दुरुस्ती झाली आणि ती किती उतरली हेही सांगितले गेले. हे शक्य झाले, कारण धरणाच्या गळतीचा हिशेब सेकंदाला इतके लिटर्स अशा भाषेत ठेवण्याची अभियांत्रिकी शिस्त जुनी आहे. तीच शिस्त खडकवाशापासून वीस किलोमीटर अलीकडे, पेठांच्या बोळांत शिरताना कोठे हरवते?

ती या शहराला अपरिचित नाही. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून पाणी आणले, तेव्हा वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले. हवा जाण्यासाठी आणि गाळ काढण्यासाठी त्यांची योजना होती. पण कोणत्या टप्प्यापर्यंत पाणी पोचले आणि कोठे अडले, हे त्यांत डोकावून पाहता येई. हौदांतील पाण्याची पातळी तर साऱ्या पेठेला दिसे. आणि ज्यांचे नाव आज मंडईला आहे त्या जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद १८६८ साली अस्पृश्यांना खुला केला होता. ते १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सभासद होते. मंडईच्या इमारतीवर एवढा खर्च करण्यास त्यांचा विरोध होता, तो पैसा शिक्षणाकडे जावा असे त्यांचे मत होते. १८८६ साली लॉर्ड रे यांच्या नावाने उघडलेल्या त्याच इमारतीला पुढे त्यांचे नाव दिले गेले, हा इतिहासाचा विनोद. पाण्याविषयी त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जे लिहिले, ते मात्र आज पुन्हा वाचण्याजोगे आहे. कालव्याचे पाणी शेतकऱ्याला त्याच्या गरजेच्या मानाने, तोटी बसवून, मोजून मिळावे, असा त्यांचा आग्रह होता. पाणी देणाऱ्या खात्याने मापाची जबाबदारी घ्यावी, हे त्या आग्रहाचे सार आहे.

समान पाणीपुरवठ्याची जी योजना महापालिकेने हाती घेतली, तिच्यात ही जबाबदारी कागदावर तरी आली. शहराचे १४१ विभाग पाडावयाचे, ८२ साठवण टाक्या बांधावयाच्या, दीड हजार किलोमीटरहून अधिक वाहिन्या टाकावयाच्या आणि सुमारे तीन लाख मीटर बसवावयाचे, अशी तिची मांडणी. जून २०१७ मध्ये तिच्यासाठी २०० कोटी रुपयांचे कर्जरोखे काढले गेले तेव्हा मुंबई शेअर बाजारात समारंभ झाला. निविदा वादात सापडून रद्द झाल्या, पुन्हा निघाल्या, मुदती उलटल्या. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर कारभार वर्षानुवर्षे प्रशासकाच्या हाती राहिला, त्यामुळे योजनेच्या प्रगतीवर प्रश्न विचारणारी मुख्य सभाही नव्हती. दिरंगाईची हकीकत नित्याचीच आहे. पण योजनेच्या क्रमाविषयी एक शंका मांडावयास हवी. वाहिनीतील दाब वाढला आणि ती चोवीस तास भरलेली राहिली, तर न शोधलेली छिद्रे पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक गळू लागतील. म्हणून आधी विभाग वेगळा करणे, त्याच्या तोंडाशी मीटर लावणे, छिद्रे शोधून बुजविणे आणि मग पाण्याचे तास वाढविणे हाच क्रम सुरक्षित. टाकीचे उद्‌घाटन होऊ शकते, छिद्र बुजविण्याचे होत नाही, हा त्यातला अडसर आहे.

घरोघरच्या मीटरला पुण्यात विरोध झाला आणि तो सारा अडाणीपणाचा नव्हता. पाणी खंडित असताना वाहिनीत प्रथम हवा येते आणि काही मीटर हवेनेही फिरतात. मग हवेचे बिल कोण भरणार, हा प्रश्न रास्त आहे. मीटर आला की त्यामागून चढा दर आणि खासगी कंपनी येणार, ही भीतीही निराधार म्हणता येत नाही. यावर उत्तर असे की, मोजणे आणि आकारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विभागाच्या तोंडाशी आणि टाकीच्या मुखाशी लावलेल्या मीटरने कोणाच्याही बिलात एक पैसा वाढत नाही. तेथून आरंभ करून, ते आकडे वर्षभर उघड करून, मग घरातील मीटरची गोष्ट काढली असती, तर नागरिकाला आपल्यावर पाळत ठेवली जात आहे असे न वाटता पालिकेवर ठेवली जात आहे असे वाटले असते.

अन्यत्र काय झाले? कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह यादवीतून बाहेर आली तेव्हा, १९९३ साली, तेथील ७२ टक्के पाण्याचा हिशेब लागत नव्हता. एक सोन चान या अभियंत्याने संस्था हाती घेतली, ग्राहकांची यादी नव्याने केली, प्रत्येक जोडणीला मीटर लावले. मीटर लावू न देणाऱ्या एका सेनापतीने त्यांच्यावर बंदूक रोखली, तरी काम थांबले नाही. २००६ साली चान यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत ते ७२ टक्के सहा टक्क्यांच्या आसपास आले. एवढे दूर जावयास नको. बेळगाव, हुबळी आणि धारवाड येथील काही निवडक विभागांत २००८ पासून चोवीस तास मोजून पाणी दिले गेले. कराडजवळच्या मलकापूरने थोड्याच काळात तेच केले. हा गाव तेव्हा नगरपंचायतीच्या दर्जाचा होता, त्याचे बळ पुण्याच्या एका प्रभागाएवढेही नसेल. लहान होते म्हणून जमले असे म्हणावे, तर पुण्याचेही १४१ लहान तुकडे पाडावयाचेच आहेत.

इंग्लंडचा दाखला वेगळ्या कारणासाठी घ्यावयाचा. तेथे १९९५ च्या अवर्षणात यॉर्कशायरमध्ये टँकरने पाणी न्यावे लागले, तेव्हा लोक खवळले आणि नियामकाने कंपन्यांना गळतीची उद्दिष्टे घालून दिली. आजही इंग्लंड आणि वेल्समध्ये रोज सुमारे ३०० कोटी लिटर्स पाणी गळते. त्यांनी प्रश्न सोडविला असे कोणी म्हणणार नाही. परंतु गळतीचे आकडे तेथे दरवर्षी द्यावे लागतात, त्यांचे परीक्षण होते आणि ते खोटे देणे हा गुन्हा ठरतो. सेव्हर्न ट्रेंट या कंपनीने नियामकाला गळतीची चुकीची माहिती पुरविली, त्याबद्दल २००८ साली न्यायालयाने तिला २० लाख पौंडांचा दंड केला. काटा मारणाऱ्या गाळेवाल्याला जो न्याय, तोच पाण्याच्या कंपनीला. आपल्याकडे गळतीचा आकडा चुकला म्हणून कोणाची साधी वेतनवाढही रोखल्याचे ऐकिवात नाही. किंबहुना तो चुकला हे सिद्ध करण्याचे साधनच कोणाजवळ नाही.

सुरुवात फार खर्चाची असण्याचे कारण नाही. मंडई ज्या विभागात येते तो विभाग घ्यावा. घाऊक बाजार गुलटेकडीला गेल्यापासून रात्री येथे पाण्याचा वापर फार थोडा. एका रात्री त्या विभागाच्या वाहिन्या भरलेल्या ठेवाव्यात, शेजारच्या विभागांकडे जाणाऱ्या चाव्या आणि इमारतींच्या टाक्यांकडे जाणाऱ्या चाव्या बंद कराव्यात आणि दोन ते चार या वेळात तोंडाशी लावलेला मीटर दर दहा मिनिटांनी वाचावा. वाचताना महापालिकेचा अभियंता, जलसंपदा खात्याचा अभियंता आणि अभियांत्रिकी महाविद्यालयाचे दोन विद्यार्थी हजर असावेत; वहीवर चौघांच्या सह्या व्हाव्यात. त्या रात्री कोणत्या चाव्या नीट बंद झाल्या नाहीत, तेही लिहावे, कारण पहिल्या रात्री पुष्कळ होणार नाहीत. जो आकडा येईल तो दर जोडणीमागे किती लिटर्स अशा रूपात, श्रेणीसह, सकाळी मंडईच्या कट्ट्यावर लावावा. त्या कट्ट्याला पुणेकर कौतुकाने ‘मंडई विद्यापीठ’ म्हणतात. तेथील मंडळी आकडा तपासून घेतील. सहा महिन्यांनी त्याच विभागात, त्याच वेळी, त्याच सह्यांनी मीटर पुन्हा वाचावा. तोपर्यंत महापालिकेने आपल्या पर्यावरण अहवालात गळतीच्या आकड्यापुढे ‘ड’ हे एकच अक्षर छापावे.